मामी कोटी गेली?

पुस्तकात धडा एकच,
त्यात चौकटीत बसलेल्या तीन बायका.
एकीच्या हाती तलवार, एकीच्या हाती पाटी,
तिसरीला मागच्या वर्षीच्या पोरांनी
पेनानं मिशा काढून ठेवलेल्या.

मी तारखा सांगत होते.
बाहेर धान निसवायला आलेला,
खिडकीतून त्याचा दुधी वास,
आणि शेवटच्या रांगेतून
त्रिवेणी कापगतेचं बोट वर:
"मॅडम, आपला तलाव मामा तलाव.
मंग मामी कोटी गेली?"

वर्ग हसला. मीही.
फळ्यावर लिहून दाखवलं: माजी मालगुजारी.
मा. मा.
सरकारी कागदावर जागा कमी असते,
म्हणून मालगुजाराचा झाला मामा.
तिनं फळा वाचला, मग मला वाचलं,
बोट काही खाली घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सत्तावीस पोरं, पाण्याचा एक कॅन,
आणि हजेरीपट छातीशी धरून मी,
कन्हारटोल्याच्या पारीवर.
(बांधाला इथं पार म्हणतात.)
पारीवर दगड आहे. दगडावर नाव आहे.
नावाला शेंदूर आहे,
खिलेशनं सवयीनं हात जोडले.

जयवंताबाई मेश्राम तुडुमाजवळ शेळ्या राखत होती.
विचारलं, पार फुटली त्या साली तुम्ही होता का?
"होतो ना वं. माती कोन वाहेल मंग?"
तिनं पदराचा पीळ केला,
डोक्यावर चुंबर, चुंबरीवर त्रिवेणीचं दप्तर,
आणि चालून दाखवलं.
मान ताठ, हात मोकळे,
ऐंशीच्या घरातली कंबर
तेवढ्या पंधरा पावलांपुरती सरळ.

"पोटात कन्हार, पाठीवर मुरूम.
टोपली रिकामी केली का झालं, असं नाई बाप्पा.
तुडवा लागे. पानी मारून, टाचंनं.
आमी साठ-सत्तर जनी, एकमेकीचा हात धरून,
मांगं-पुढं, मांगं-पुढं.
माही कौतिका तवा पोटात होती.
तिनंबी तुडवली."

हजेरीत तुमचं नाव असेल, मी म्हटलं.
"नाव कायचं? 'बाई, एक.'
संध्याकारी मोजत. शेळ्या मोजतो तशा."
मी हजेरीपट दुसऱ्या काखेत घेतला.

"आजी, मंग तुमचे पाय काहून नाई दिसत?"
"दिसन कसे, बापू?
एक थर तुडवला का वरून दुसरी टोपली.
आतमंदी हाये सारे."

नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.
पोरं खाली पाहत होती.
पाण्यात एक बगळा उभा होता, तो उडाला.
खिलेशनं चपला काढल्या.

शनिवारी शाळेच्या अंगणात
वीतभर उंचीची पार झाली.
बादलीभर पाणी सोडलं, गळाली.
पोरांनी वरून माती लोटली, पुन्हा गळाली.
मग त्रिवेणी फ्रॉक खोचून आत उतरली,
तिच्यामागे दोघी, मग चौघी,
मग खिलेश, "मीबी येतो" म्हणत.
सोमवारी सकाळी पाहिलं,
बोटभर पाणी उरलं होतं,
त्यात एक बेडूक, घरमालकासारखा.

चाचणीत प्रश्न आलाच:
गावातील तलाव कोणी बांधला? गुण एक.
छापील उत्तरात दगडावरचं नाव.
त्रिवेणीनं लिहिलं, मामीनं.
पुढं नावं: जयवंता, धुरपता, बयना, रायवंता,
पोटातली कौतिका,
ओळ संपली तर समासात,
समास संपला तर कागदाच्या पाठीवर,
आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात:
अजून विचारायच्या आहेत.

केंद्रप्रमुख मंगळवारी येतात.
पेपरांचा गठ्ठा बांधून ठेवलाय.
तिचा सगळ्यात वर,
पाठ वर करून.